अर्धी बांधलेली झडी

मे महिन्यातली दुपार होती. मरोळच्या ऑफिसात मी नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी या वेळेला कधी फोन करत नाही. "काका गेले गं," ती म्हणाली, आणि मग काहीच नाही... मला वाटलं रेंज गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग अगदी रोजच्या आवाजात ती म्हणाली, "झडी अर्धीच बांधून झाली होती. चहा ठेव, जरा टेकतो म्हणाले. मी कप घेऊन बाहेर आले, तर..." 

वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला उतरले तेव्हा मावशीच्या घरासमोर माणसं जमली होती. त्यांच्यातून वाट काढत आत जाताना माझी नजर आधी गेली ती पश्चिमेच्या भिंतीकडे. अर्धी भिंत झडीने झाकलेली, अर्धी उघडी. उघड्या भागासमोर शिडी तशीच उभी होती आणि वरच्या पायरीवर सुंभाचा एक तुकडा लोंबत होता. काकांना बघायला गेलेली मी, भिंतीकडे बघत उभी राहिले.

ही झडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. समुद्राजवळच्या घराची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात आडव्या पावसाचा मार खाते. वारा खारा असतो. रंग वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो, लोखंडाचा खिळा गंजून गळून पडतो, आणि विटांत शिरलेला ओलावा दिवाळीपर्यंत जात नाही. म्हणून आमच्या तळकोकणात माडाच्या झावळ्या विणून त्यांचा पडदा पावसापूर्वी भिंतीबाहेर बांधतात. ती झडी. मढच्या घरात हा प्रश्न फक्त भिंतीचा नव्हता. मावशीला दमा आहे. भिंतीला ओल आली, बुरशीचा वास सुटला, की तिची छाती भरून यायची. रात्रभर उशाला टेकून बसायची. काकांच्या आयुष्याची मढमधली बहुतेक वर्षं एकाच कामात गेली असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही... ही एक भिंत कोरडी ठेवायची.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, वसंतकाका. परळच्या चाळीत जन्मलेले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. गिरणी बंद पडल्यावर मढला एका बंगल्याच्या राखणदारीचं काम मिळालं, आणि जवळच हे दोन खोल्यांचं बैठं कौलारू घर. बंगला शूटिंगसाठी भाड्याने जायचा. बारावीनंतर मी गावाहून कॉलेजसाठी मुंबईला आले ती याच घरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. वडिलांनी काकांना विचारलं होतं, पोरीला ठेवून घ्याल का. मी पोहोचले तेव्हा पूर्वेच्या भिंतीलगत टेबल मांडून ठेवलं होतं, वर नवा बल्ब. "कॉलेजवाली, तुझी जागा इथे," ते म्हणाले. "त्या बाजूला पुस्तक ठेवलंस तर पुस्तकाला बुरशीच्या मिश्या फुटतील."

त्या वर्षी झडी मावशीनेच बांधली होती. काकांना ती आवडायची नाही. आजूबाजूचे लोक घराला चकचकीत लाद्या लावत होते, बंगल्यांना दरसाल नवा रंग लागत होता, आणि आपल्या घराला झावळ्या. "शालू, लोक विचारतात, आत म्हशी बांधल्यात का?" ते म्हणायचे. मावशी विणता विणता मान वर न करता म्हणायची, "साच्यावर काम केलं म्हणता ना? या बसा. एक झावळी विणून दाखवा. की गिरणीत नुसता चहाच पीत होता?" काका हसत निघून जायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जे केलं ते आजही मढमधले जुने लोक सांगतात. बंगल्यात कुठल्याशा राजाराणीच्या मालिकेचा सेट लागला होता. शूटिंग संपल्यावर प्लायवूडच्या त्या खोट्या भिंती टेम्पोत जायच्या, त्यातल्या काही काकांनी मागून घेतल्या. गुलाबी दगड रंगवलेले, मध्ये मोर. लाकडी पट्ट्या ठोकून त्यांनी तो राजवाडा आमच्या पश्चिमेच्या भिंतीसमोर उभा केला. मी कॉलेजातून आले तर मावशी डोक्याला हात लावून दारात. समोरून जाणारे कोळी लोक मुजरा करत होते. "महाराज, जेवायला काय आज?" कुणीतरी ओरडलं. काका कंबरेवर हात ठेवून उभे होते, इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं. "कसं झकास दिसतंय बघ," ते म्हणाले. "राणीसरकार मात्र रुसल्यात."

श्रावण यायच्या आत राजवाडा फुगला. मोराचं पोट सुटलं, दगडांचे पापुद्रे अंगणात पडू लागले. काका एक एक फळी उतरवत होते आणि मावशी बोलायचं टाळत होती, ते जास्त वाईट होतं. शेवटची फळी निघाली तशी काकांनी मागच्या भिंतीला हात लावला. मग आत गेले आणि आतून हात लावला. हाताची मागची बाजू, लेकराच्या कपाळाला लावतात तशी. परत बाहेर आले. "शालू," ते म्हणाले, "भिंतीला ताप नाही!" खरंच भिंत कोरडी होती. बंगल्याची खरी भिंत खराब होऊ नये म्हणून सेटवाले आपली खोटी भिंत पट्ट्यांवर, वीतभर अंतर सोडून उभी करतात. काकांनी तेच बघून तसंच केलं होतं. प्लायवूड कुजलं, पण मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळत राहिला आणि भिंत सुकत राहिली. मावशी मात्र गावच्या पद्धतीने झडी भिंतीला घट्ट टेकवून बांधायची. गावी तिला कधी अडचण आली नव्हती. इथला वारा ती झडी भिंतीवर दाबून धरायचा.

पुढच्या मे महिन्यात काका तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि विणायला शिकले. विणायचं काम मात्र तिचंच राहिलं, काकांचं विणकाम तिला कधी पसंत पडलं नाही. बांधणं त्यांचं. बांबूचा सांगाडा, भिंतीपासून वीतभर लांब, सुंभाच्या गाठी त्यांच्या स्वतःच्या, गिरणीतल्या. बंगल्याच्या माडांच्या पडलेल्या झावळ्या ते वर्षभर जमवायचे, खाडीच्या पाण्यात भिजवायचे. पाऊस सुरू झाला की रोज सकाळी, चहाच्याही आधी, भिंतीला पालथा हात. "आज ताप नाही." किंवा, "जरा कणकण आहे." मग त्या जागी ते शेगडी सरकवायचे. मला त्या घरात जाग यायची ती या वाक्याने.

मी पदवीधर झाले तेव्हा त्या दोघांना समारंभाला घेऊन गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सगळा वेळ ते ताठ बसून होते. प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं ते त्यांनीच. पूर्वेच्या भिंतीवर, घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी, त्यांच्या वडिलांचा फोटो होता. तो त्यांनी उतरवला, पश्चिमेला लावला, आणि त्या खिळ्यावर माझी फ्रेम टांगली. मी नको नको म्हणत राहिले. "राहू दे," ते म्हणाले. "बाबांना ओलीची सवय आहे. सगळा जन्म साचेखात्याच्या दमट हवेत गेला त्यांचा." आज त्या फोटोतला अर्धा चेहरा पांढुरका झाला आहे. माझं प्रमाणपत्र अजून कोरं करकरीत आहे. त्याच्याकडे बघायचं मला आता जड जातं.

पुढे दिनेशदादाचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, कांदिवलीला बस्तान बसलं. आईवडिलांनी दर वर्षी झावळ्या बांधत बसू नये म्हणून त्याने हौसेने पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून लाद्या बसवून दिल्या. निळ्या, धुतल्या की लख्ख. आम्हाला सगळ्यांनाच आवडल्या. पण कौलांखालून, सांध्यांमधून पाणी आत जातच होतं, आणि आता त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. ते सगळं आतल्या बाजूने निघालं. भिंतीवर मिठाची पांढरी भुकटी यायची, बोट लावलं की चुना पिठासारखा हाताला. त्या पावसाळ्यात मावशीला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिला घरी आणायच्या आधी काकांनी छिन्नी-हातोडा घेऊन सगळ्या लाद्या काढल्या. दिनेशदादा आला तेव्हा अंगणात निळ्या ठिकऱ्यांचा ढीग होता. काका त्याला म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे. भिंतीला श्वास लागतो. तुझ्या आईसारखाच." उन्हाळ्यात त्यांनी भिंतीला चुना दिला. मेमध्ये पुन्हा झडी. तेव्हापासून त्यात खंड पडला नव्हता... या मेपर्यंत.

काकांचं दिवसकार्य झालं. दिनेशदादाने बोलणं काढलं. "आई, पाऊस संपेपर्यंत तरी चल कांदिवलीला. चौथा मजला आहे, ओल नाही काही नाही."

"आणि भिंत?"

"भिंतीला काय होतंय?"

"तिला कोण बघणार?"

तो नंतर दोन-तीन ठिकाणांहून नमुने घेऊन आला. सिमेंटचे बोर्ड होते, प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, लाकडासारखे दिसणारे. एक बोर्ड मलाही बरा वाटला, तो पट्ट्यांवर अंतर सोडूनच बसवतात म्हणे. मावशीने प्रत्येकाला हात लावून पाहिला. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण ते लावायचं तर यांनी बांधलेलं सोडावं लागेल ना?" दादाने नमुने पुन्हा पिशवीत भरले. शेजारचे लोक म्हणाले, उरलेली अर्धी आम्ही बांधून देतो. तिने त्यांनाही नको म्हटलं. मी एकदा कळवळून विचारलं, "मावशी, ढग दिसायला लागलेत. किती दिवस उघडी ठेवणार आहेस?" ती झावळ्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "ते येऊन बांधतील की." आणि मग तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

नंतर एका रविवारी सकाळीच तिचा फोन. "तू ये. दिनेशालाही सांगितलंय. बांधून टाकूया." आम्ही पोहोचलो तेव्हा ती अंगणात पाट घेऊन विणायला बसली होती. दोनदा थांबून तिने श्वास गोळा केला, पण विणणं कुणाला दिलं नाही. दिनेशदादा शिडीवर चढला, मी खालून झावळ्या देत होते. काकांची गाठ आम्हाला येईना. तिला उलगडून बघावं तर ती सुटेल या भीतीने आम्ही हात लावला नाही, आमची साधी निरगाठ मारली. सगळं झाल्यावर मागे सरून पाहिलं. कुठवर त्यांची आणि कुठून आमची, ते रस्त्यावरूनही ओळखू येत होतं. दादा शिडीवरून उतरला आणि त्या सांध्यापाशी हात ठेवून रडला. मावशीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "आता चल, जेव." कांदिवलीचं पुन्हा कुणी काढलं नाही.

आता पाऊस लागला आहे. ही झडी काही टिकायची गोष्ट नव्हे. दसऱ्याच्या सुमारास ती सोडतात आणि तिच्या झावळ्या न्हाणीच्या चुलीत जातात, दर वर्षीच. यंदा त्यांची अर्धी कोण सोडणार, हे आमच्यापैकी कुणीच अजून बोललेलं नाही.

मागच्या शनिवारी मी मढला मुक्कामाला होते. सकाळी जाग आली तेव्हा मावशी भिंतीपाशी उभी होती, पालथा हात टेकवून. चहा अजून ठेवलेला नव्हता. आधी तिने आमची बाजू पाहिली. "कणकण आहे," ती म्हणाली. "तुम्ही बांबूच भिंतीला चिकटवून बांधलेत. पुढच्या रविवारी तेवढी सोडा आणि लांब घ्या." मी बरं म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं, की तिची खाट नेहमीच्या जागी नाही. ती काकांच्या अर्ध्या भागापाशी सरकवलेली होती. मावशी खाटेवर बसली आणि तिने तिथल्या भिंतीला हात लावला.

"इथे ताप नाही," ती म्हणाली.

ताप आहे की नाही ते कळायला एक क्षण पुरतो. तिने हात मात्र तसाच ठेवला होता.