बाळंतिणीचा धूर

बजबज गावातल्या ज्यूट गिरणीच्या दवाखान्यात मी नर्स होते. गिरणीतल्या बायका गरोदरपणीही विड्या ओढत. "धूर बाळाला बाधतो!" असं ओरडत मी त्या सरळ तोंडातून हिसकावून घेत असे.

मग माझंच बाळंतपण आलं. आई पुण्याहून आली आणि आमच्या क्वार्टरमध्ये शेकशेगडी सुरू झाली. खाटेखाली निखारे, त्यावर ओवा; धुरात बाळ दिसेना. नेमकी तेव्हाच माझ्या धाकाने विडी सोडलेली एक गरोदर बाई बाळ बघायला आली. दारातच थबकून तिने हिंदीत विचारलं, "दीदी, हा धूर चालतो?"

मला खोकल्यामुळे बोलता येईना. आईच मोडक्या हिंदीत म्हणाली, "ओव्याचा धूर औषधी असतो," आणि तिच्या पदरात मूठभर ओवा बांधून मोकळी झाली.

रजा संपवून कामावर गेले, तर दवाखान्याच्या पायरीवर पोटुशा बायका ओळीने धूर काढत बसलेल्या! मी तणतणत धावले.

"तंबाखू नाही दीदी, ओवा भरलाय," आईने ओवा दिलेली ती बाई शांतपणे म्हणाली आणि एक विडी पेटवून माझ्यापुढे धरली. "घ्या. तुम्ही तर अजून ओल्या बाळंतीण."