वहिनीच्या तोंडचा शब्द

आमच्या घरातले किस्से गोळा करावे लागत नाहीत. एकाने बोलायला जरा वेळ घेतला की बाकीचे ते काम स्वतःच्या अंगावर घेतात, आणि किस्सा तयार होतो.

जळगावला आमच्या घरी वहिनीचं असंच झालं. सावद्याच्या केळीवाल्यांची ही लेक आधी खडाखडा बोलायची. मग पाय अडखळू लागले, शब्द तुटक येऊ लागले. ओळखीचा शब्द ऐन वेळी सापडेना. चिमटा आठवला नाही की म्हणायची, "ते... भाकरीचे... हात... दे." बुद्धी मात्र शाबूत. घरात ती तेवढी एकच होती, असं माझं मत.

*

मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे तिला माझे वडील, आबा, घेऊन गेले. डॉक्टर वहिनीला विचारत, उत्तर आबा देत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजारी नक्की कोण आहे?"

"ही," आबा म्हणाले, "पण घरात बोलतो मी."

डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंचा आजार. बोलणं अडखळेल, समज जात नाही; तिला बोलायला वेळ द्या. आबांनी यातलं 'आजार' तेवढं ऐकलं.

*

एकदा वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबा... तो..."

"तांब्या," आबा म्हणाले. तांब्या आला.

"नाही... तो..."

"तोंड धुवायचंय तिला." पाणी आलं.

वहिनी तोंड धुऊन बसली. रात्री आम्ही करपलेला भात खाल्ला.

*

दारूबंदी तेव्हा नवीकोरी होती. धुळ्याच्या एका लग्नात वहिनीचा तोल गेला आणि दारातल्या शिपायाने हटकलं. ती सांगू लागली, तर जीभ जड. त्याचा संशय पक्का झाला.

माझे थोरले काका, नाना, मांडवामागून नुकतेच 'ताजेतवाने' होऊन, वेलदोडा चघळत आले होते. त्यांनी दारूच्या दुष्परिणामांवर अस्खलित भाषण दिलं. शिपायाने नानांना सलाम ठोकला आणि वहिनीचं तोंड हुंगलं.

*

मग वडीलधाऱ्यांनी ठरवलं की वहिनीने विश्रांतीसाठी सावद्याला जावं. लेकरं इथेच राहतील. विश्रांती कधी संपणार, ते कोणी बोलेना. तिच्या नवऱ्याला, माझ्या दादाला, बोलण्याचा कसलाच आजार नव्हता, तरी तोही गप्प.

मी विचारलं, "वहिनीला विचारलंत?"

"विचारलं की," आबा म्हणाले. "ती म्हणाली, 'मी...' पुढचं मला समजलं."

तिचा भाऊ न्यायला आला. टांगा दारात, ट्रंक टांग्यात. ओटी भरली. वहिनीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. आता फक्त 'येते' म्हणायचं होतं. ते म्हटल्याशिवाय बाईने उंबरा ओलांडायचा नाही, आणि तिच्यासाठी दुसऱ्याने म्हटलेलं चालत नाही. यात नाना फार कडक.

"मी..." वहिनी म्हणाली.

सगळे थांबले.

"मी... ये..."

"शाब्बास," नाना म्हणाले. "हं, पुढे."

वहिनीने छताकडे पाहिलं. कोनाड्यात पाहिलं. टांगेवाल्याने घोडा आवरला. भावाने घाम पुसला. आबांचे ओठ आपोआप हलले, तशी नानांनी त्यांचा दंड धरला. दारातून शेजारची म्हातारी म्हणाली, "घाई करू नका, बठ्ठं, सगळं आठवी तिले." दादा पहिल्यांदाच मान वर करून बायकोकडे बघत होता.

स्टेशनाकडून सावद्याच्या गाडीची शिट्टी आली. मग गाडी गेल्याचा आवाज आला.

वहिनीने भिंतीचा आधार घेतला, सावकाश पाटावर बसली आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाली,

"चहा... टाकू... का?"