मल्लव्वाची वर्षाची ज्वारी

आमच्या गल्लीत वर्षाचं धान्य कुणी एकट्यानं भरत नाही. नवी ज्वारी आली की सगळ्या बायका मल्लव्वाकडे पैसे देतात आणि ती मार्केट यार्डात जाऊन साऱ्यांची पोती एकदम उचलते. कोपऱ्यावरच्या दुकानातून किलो-किलोनं घेणाऱ्याला धान्य कमी आणि टोमणे जास्त मिळतात. मल्लव्वा कडक भाकऱ्या करून विकते आणि तिचं तोंड तिच्या तव्यापेक्षा गरम. मला ती त्यासाठीच आवडते. गरिबाघरच्या बाईला गोड बोलून कुणी स्वस्तात ज्वारी देत नाही.

तिचा नवरा निंगप्पा यार्डातच, विरुपाक्ष नावाच्या अडत्याकडे हमाल. म्हणून ती तिथूनच घ्यायची. घरचा माणूस असताना पोतं कशाला उसवून बघायचं, असं तिला वाटायचं. चुकली ती इथंच.

यंदा मी तिच्याबरोबर गेले होते. निंगप्पा आणि बाकीचे हमाल पोती टेम्पोत चढवत असताना एक पोतं एकाच्या पाठीवरून निसटलं आणि फुटलं. वरची ज्वारी टपोरी, पांढरीशुभ्र. खालून जे आलं ते काळपट, जाळी धरलेलं, टोके किड्यांनी वळवळणारं. मल्लव्वानं दुसरं पोतं उसवलं, मग तिसरं. सगळीकडे तेच.

"शेतकऱ्याकडनंच तसं आलं असंल की," विरुपाक्ष म्हणाला. "मला काय म्हाईत?"

मल्लव्वा खाली बसली आणि पोत्याच्या तोंडाची सुतळी बोटांत धरून बघत राहिली. यार्डात प्रत्येक हमालाची शिलाई निराळी असते. निंगप्पा डावखुरा, त्याचे टाके उलट्या अंगाला पडतात. घरची पोतीही तोच शिवतो.

"हे शेतकऱ्यानं शिवलेलं न्हाय," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "अवो, ही तुमची शिलाई हाय. माझ्या गल्लीच्या पोटात तुमी टोके भरले व्हय?"

आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. विरुपाक्ष एवढंच म्हणाला, "निंग्या, बायको आवर. न्हायतर उद्यापासनं येऊ नको."

निंगप्पानं आवरली. पोती ओढायचा लोखंडी आकडा त्यानं उगारला आणि हाणला. तोंड वाचवायला तिनं हात वर केला. आकडा तळहातातून आरपार गेला. ती ओरडली नाही, निंगप्पाच ओरडला. रक्त ज्वारीवर सांडत होतं आणि एवढे बाप्ये गप उभे. एकेकाच्या मिशा उपटाव्यात असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तिनं दात आवळून आकडा उपसला. आता आपली पाळी, असं समजून विरुपाक्ष मागं सरला. पण ती तुटून पडली ती दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीवर. पोट फाडावं तसं एकेक पोतं तिनं फाडलं. विरुपाक्षानं तिचे केस धरून तिला फरशीवर आपटलं, लाथा घातल्या. मी त्याच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावले. तोवर किडकी ज्वारी दुकानभर पसरली होती आणि बाहेरगावचे खरेदीदारही आपापली पोती उसवायला लागले होते. स्वतःच्या पोत्यात टोके निघाल्यावर मात्र बाप्यांच्या अंगात जोर आला. विरुपाक्षाचे दात पाडले ते त्यांनीच.

आमचे पैसे गल्ल्यावरच्या त्याच्या भावानं तिथल्या तिथं परत केले. पुढच्या आठवड्यात आम्ही वळसंगच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावरून ज्वारी आणली. मल्लव्वानं पट्टी बांधलेला हात वर धरून दुसरा हात प्रत्येक पोत्याच्या तळापर्यंत घातला, मगच तोंडं शिवू दिली.

टेम्पो गल्लीत लागला तर तिथं निंगप्पा उभा. काम गेलेलं, दाढी वाढलेली. त्यानं टेम्पोच्या फळीला पाठ लावली, पोतं घ्यायला.

"बाजूला हो," मल्लव्वा म्हणाली. आजवर तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"शंभर किलोचं हाय ते. तुमा बायकांला उचलायचं न्हाय."

"न्हाय उचललं तर हितंच सांडू दे. रस्त्यावरनं वेचून खाऊ. पण तुझ्या पाठीवरनं माझ्या घरात दाणा यायचा न्हाय."

आम्ही चौघींनी पोतं खाली घेतलं आणि ओढत नेलं. मग दुसरं. फळीला पाठ लावून निंगप्पा वाकलेलाच राहिला, टेम्पो रिकामा होऊन निघून जाईपर्यंत.