घरात माणूस पाहिजे

पावसाळा सरत आला होता. केळीच्या बागेत पायाला काहीतरी टोचलं आणि चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. आधीच साखरेचा आजार, त्यात ताप. पुण्याहून मुलगा आला आणि मला डोंगरकड्याहून नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं ताप उतरला, पण माझं डोकं ठिकाणावर राहिना. वॉर्डातले दिवे सदा चालू. सकाळ कोणती, संध्याकाळ कोणती, कळेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी मी मालक समजून बोलायचे. मालकांना जाऊन कितीतरी वर्षं झालीत. जेवणही सुटलं.

डॉक्टर मुलाला म्हणाले, "इंजेक्शनं अजून बरेच दिवस शिरेतून द्यावी लागतील, पण ती घरीही देता येतात. सिस्टर रोज येईल, मी व्हिडिओवर पाय बघेन. फक्त घरात सतत कोणीतरी माणूस पाहिजे."

घरी आले. खुंटीला सलाईन टांगलं. वारंगा फाट्याहून सिस्टर स्कुटीवर यायची, इंजेक्शन द्यायची, पट्टी बदलायची, फोन धरून डॉक्टरांना जखम दाखवायची. बाजेवरून दारातला लिंब दिसायचा. हळूहळू डोकं साफ झालं, भाकरीला चव आली. दवाखान्यात मला कोणी उठू देत नव्हतं. इथं मी भिंतीला धरून मोरीपर्यंत जायला लागले.

मग मुलाची रजा संपली. बॅग भरलेली, आणि मला परत नांदेडला न्यावं की काय, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात माझी जाऊ वळकटी घेऊन आत आली. घराची वाटणी झाली तेव्हापासून ती भिंतीपलीकडं राहते. आमचं बोलणं बंद होतं.

"डॉक्टर म्हणला म्हणं, माणूस पाहिजे," ती मुलाला म्हणाली. "मग मी माणूस न्हाई का?"

ती राहिली. वेळेवर गोळ्या द्यायची, पायाखाली उशी सारायची. बोलणं मात्र कामापुरतं.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई."

बस्स. दुपारभर दोघी एका खोलीत, आणि तरी घर रिकामं असल्यासारखं वाटायचं. एकदा पट्टी सोडताना जखम पाहून ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

जखम भरली. "झालं माझं काम, आजी," म्हणत सिस्टरनं हातातली सुई काढली. बरं झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिची स्कुटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. जावेनं वळकटी बांधली. राहा म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. ती गेली.

आता कधीकधी ती भिंतीपलीकडून हाक मारून विचारते, "पाय कसा हाय?" मी सांगते, बरा हाय. त्यापुढं आम्हाला बोलायला अजून काही सापडलेलं नाही.