अप्पांना आधी काय ऐकवायचं

दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका लहान गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरणारा एक संगीतकार होता. हयातीत त्याला कुणी फारसं विचारलं नाही आणि मेल्यावर तर नाहीच. तो मला सापडला कोल्हापुरात, उत्तरपत्रिका तपासताना, मोबाइलवर आपोआप पुढचं काहीतरी लागलं म्हणून. लाल पेन हातात तसंच राहिलं आणि एका उत्तराला दोनदा मार्क दिले गेले. तेव्हापासून हा माणूस माझा. त्याच्याविषयी मी इतकं ऐकवलं की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की लोक चहाला उठायला लागले.

कुणी चुकून विचारलंच, की बाई, याचं ऐकायला सुरुवात कुठून करायची, तर माझी यादी तयार होती. सात रचना, चढत्या क्रमानं. आधी पियानोवरचे सोपे तुकडे, मग गाणी, असं करत करत सातव्या नंबरला चार वाद्यांची ती रचना, जिच्या संथ भागात चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, एकटाच बोलत राहतो. तिथवर कुणी एकदम पोचायचं नाही असा माझा दंडक होता. शिक्षिका आहे मी, पायरी चुकलेली मला खपत नाही.

ही यादी खरं तर एकाच माणसासाठी केली होती. माझ्या वडिलांसाठी.

अप्पांनी उभा जन्म कबनूरला मागावर काढला. यंत्रमागाच्या कारखान्यात शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. त्या खडखडाटात पस्तीस-चाळीस वर्षं. पण आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, माग थांबायचे, आणि त्या दिवशी अप्पा सेलवरच्या रेडिओला चिकटायचे. ख्यालाचं त्यांना भारी वेड. शिकलेले नाहीत, गायलेले नाहीत, फक्त ऐकलेलं. कोल्हापुरात कुठे बैठक असली की एसटीनं यायचे आणि सतरंजीच्या कडेला बसायचे. गाणं नाही आवडलं तर मधेच उठून चपला शोधायला लागायचे. गाण्यातलं जे काही मला कळतं, ते त्यांच्या शेजारी बसून कळलेलं.

आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. एक दिवस म्हणाले, "तुजा त्यो सायेब मला बी ऐकव की. सगळ्या गावाला सांगत सुटलीयास."

मी हरखले. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. "सकाळचा हाय का संध्याकाळचा?"

"अप्पा, त्यांच्यात रागांसारख्या वेळा नसतात. केव्हाही ऐकायचं."

"कवाबी? च्या हाय व्हय त्यो, कवाबी प्यायला?"

मी हसले, पण धास्तावलेही. हा माणूस चपला शोधायला लागला तर? माझ्या सायबाला सगळ्या जगानं नाकारलं होतं, ते मला चालत होतं. अप्पांनी नाकारलेलं चाललं नसतं. म्हणून मी वेळ काढत राहिले. चांगला स्पीकर आणू, मग परीक्षा संपू देत, मग दिवाळी होऊ दे. यादी पुन्हा पुन्हा खालीवर केली. इकडे अप्पा टीव्हीचा आवाज वाढवत होते आणि मी तो कमी करा म्हणून ओरडत होते. मागावरच्या माणसांचे कान जातात, हे आमच्या भागात कुणाला ठाऊक नाही? मलाही ठाऊक होतं. मनावर घेतलं नाही, इतकंच.

शेवटी एका रविवारी दुपारी पहिल्या नंबरचा पियानोचा तुकडा लावला. जेमतेम चार मिनिटांचा. अप्पांनी खुर्ची स्पीकरला भिडवली आणि डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "बरं हाय. दुपारी चारचं हाय हे. च्या व्हायच्या आधी घरात कोन बोलत नसतंय बघ, तवाचं."

मला फक्त 'बरं हाय' ऐकू आलं. शेजारणीनं दिलेल्या पोह्यांनाही ते बरं हाय म्हणायचे. माझं डोकं सणकलं.

"दुसरं लाव की," ते म्हणाले. "त्या थोरल्या वाद्याचं. जे ऐकून तू रडल्तीस म्हनं, ते."

"ते सातवं आहे, अप्पा. मधले पाच व्हायचेत अजून. एकदम नाही कळायचं तुम्हाला."

ज्यांचा जन्म ख्याल ऐकण्यात गेला त्यांना मी हे सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन बसले. मी फुरंगटून स्पीकर कपाटात ठेवून दिला. तो तुकडा त्यांनी किती नेमका ऐकला होता, हे मला फार उशिरा उमगलं. त्या संगीतकारावर लिहिलेलं मी मिळेल तेवढं वाचलंय. चहाआधीच्या त्या गप्प घराइतकं खरं कुणीही लिहिलेलं नाही.

त्यानंतर वर्ष गेलं. माझा रुसवा आठवडाभरात संपला होता, पण यादी पुन्हा उघडायला मुहूर्त सापडत नव्हता. मागून हाक मारली तर अप्पा वळेनासे झाले. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तपासणीच्या कागदावरची रेघ पार तळाला जाऊन टेकली होती. त्यांनी यंत्र दिलं. बोलणं त्यातून थोडंफार कळायचं, पण गाणं लागलं की अप्पा ते उपसून काढायचे. "पत्र्यावर खडं वतल्यागत वाटतंय," म्हणायचे. एक दिवस त्यांनी आपला रेडिओ स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. दुःखापेक्षा स्वतःवरचा संताप जास्त होता.

मग कसली पायरी आणि कसलं काय. एका सकाळी स्पीकर मोबाइलला जोडून त्यांच्या कानाशी ठेवला, आवाज होता तेवढा चढवला, आणि हातांनी तारांवर गज ओढल्यासारखं करून दाखवलं: ते, थोरल्या वाद्याचं. त्यांना समजलं. यंत्र काढून खिशात टाकलं, टोपी सारखी केली, डोळे मिटले. चेलो सुरू झाला आणि त्यांचं बोट मांडीवर हलू लागलं. मान डोलली. मला वाटलं, जाड आवाज आहे, पोचतोय. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. मोबाइल घेऊन मी आत गेले, दोन-तीन मिनिटं बोलले आणि बाहेर आले. फोन आल्याबरोबर गाणं तुटलं होतं, ते पुन्हा सुरू झालंच नव्हतं. खोलीत पंख्याचा काय तो आवाज. आणि अप्पांचे डोळे मिटलेले, बोट चाललेलं, मान डोलत असलेली. मधेच त्यांनी हात उचलून दाद दिली.

माझ्यासाठी चाललं होतं ते सगळं. मी दारातच उभी राहिले. पुढे जाऊन ते पुन्हा लावावं, एवढंही मला सुचलं नाही. खूप वेळानं त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि तोंडभर हसले.

"लई भारी हाय ग ह्यो. आधी का लावलं न्हाईस?"

मी उत्तर दिलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मोठ्यानं पुन्हा सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.