गोंद लावलेलं पान

चार मास्तर एकत्र बसले की किस्से निघतातच, आणि आम्ही तर डी.एड.च्या एकाच वर्गातले. परवा पंचवीस वर्षांनी नवीन जालन्यात जमलो. ग्रुपवर फर्मान आलं होतं की जुन्या ऑटोग्राफ वह्या आणा, सगळ्यांसमोर वाचायच्या. माझ्या वहीत पंचवीस वर्षं न उघडलेलं एक पान होतं, त्याची धास्ती वाटली. आता हलकं वाटतंय, म्हणून सांगतो.

*

तेव्हा निरोपाच्या आधी महिनाभर या वह्या वर्गात फिरायच्या. आमच्या संगीतानं प्राचार्यांकडे सही मागितली. सर वही घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक पानावर लाल शाईत ‘पाहिले’, खाली सही आणि तारीख! एकाच्या शायरीपुढं शेरा होता, ‘आशय चांगला. शैक्षणिक साधन वापरावे.’ आमची पाठ टाचणं, म्हणजे धडा कसा शिकवायचा त्याची टिपणं, तपासून सरांच्या हाताला तीच सवय लागली होती.

*

ही संगीता पिंपळगाव रेणुकाईची. तिनं चाळीस वह्या एका तासात भरल्या. परवा वाचताना कळलं, सगळ्यांना एकच ओळ: ‘माझ्या मनातलं फक्त तुलाच कळतं.’ ती जपून ठेवणारे तिघं एकमेकांकडं बघत राहिले.

“मंग काय करू? टाईम बिलकुल नव्हता,” संगीता म्हणाली.

*

आता माझं ते पान. खासगी मजकूर असला की पान दुमडून गोंद लावायचा आणि वर लिहायचं, ‘दहा वर्षांनी उघड.’

रफिक माझा जिवलग. तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्याची पाठ टाचणांची फाईल नक्कल करायला गुपचूप उचलली आणि न उघडताच केदारखेड्याच्या बसमध्ये विसरलो. बोलायची हिंमत झाली नाही. फाईल हरवली म्हणून सरांनी त्याला महिन्याची मुदत दिली, बिचारा रोज लिहीत बसायचा. शेवटी मी कबुली त्याच्या वहीत लिहून पान चिकटवलं. त्यानंही माझ्या वहीत एक पान चिकटवलं होतं. त्याला संशय आला असेल, आत शिव्याच असतील, या भीतीनं मी ते कधी उघडलं नाही.

परवा रफिकनं माझी कबुली सगळ्यांसमोर वाचली. वाचता वाचता हसायलाच लागला.

“माझं पान उघडलं न्हाई का तू अजून?”

मी पट्टीनं कड सोडवली आणि वाचलं:

‘दोस्ता, माझी फाईल ज्यानं नेली, अल्ला त्याचं भलं करो. आत दोनच पाठ होते, बाकी कोरे कागद.’