घोड्यांच्या पायांचा चिखल

आमच्या घरात बाहेरची चप्पल उंबरठ्याच्या आत येत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, पायपुसण्यावर पाय घासल्याशिवाय मी त्याला पुढे येऊ देत नाही. त्यावरून वारज्याच्या आमच्या सोसायटीत मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. अशा घरात जेवणाच्या टेबलावर बारा महिने चिखल असायचा. तो माझ्या नवऱ्याचा.

त्याला छोट्या सैनिकांच्या लढायांचा नाद होता. अंगठ्याएवढे धातूचे स्वार रंगवायचे आणि रविवारी सकाळी कसबा पेठेतल्या एका मित्राच्या माडीवर, मोठ्या टेबलावर मांडून, फासे टाकून, पट्टीने अंतरं मोजून लढायचं. पन्नाशी ओलांडलेले चार-पाच पुरुष तिथे जेवढे भांडत, तेवढे घरी भांडले असते तर एकाचाही संसार टिकला नसता.

रंगवणारे सगळेच होते. चिखल मात्र याच्यासारखा कुणाला जमायचा नाही. परदेशात म्हणे त्यासाठी तयार चिखलाच्या बाटल्या मिळतात. याने एक मागवली, हुंगली आणि याला वास नाही म्हणून बाजूला ठेवली. मग मंडईत जाऊन मातीने माखलेले बटाटे घेऊन आला. बटाटे मला, माती त्याला, अशी वाटणी ठरली. ती माती माझ्या जुन्या तव्यावर भाजायची, चहाच्या गाळणीने चाळायची, पांढऱ्या गोंदात कालवायची, त्यात थोडा काळा रंग, थोडा तपकिरी. जुन्या टूथब्रशवरून अंगठा ओढला की बारीक शिंतोडे उडायचे, घोड्यावर आणि माझ्या टेबलक्लॉथवरही. गाळणी परत मिळणार नाही, हे मी लवकरच मान्य केलं.

चिखलाबद्दल त्याची मतं ठाम होती. भर पावसात रस्त्याच्या कडेला उभा राहून तो जाणाऱ्या रिक्षांची मागची चाकं बघायचा. शिंतोडे मागे उडतात, पुढे नाही. खुराशी ओला चिखल, गुडघ्याशी सुकून फिकट झालेला, पोटाला नुसते ठिपके. एवढ्याशा घोड्याच्या पोटाखाली वाकून कोण बघणार आहे, असं मी एकदा विचारलं. त्याने ब्रश खाली ठेवला.

"अगं, स्वच्छ घोडा नुसता उभा असतो. पायाला चिखल लागला की कळतं, तो कुठून तरी आलाय."

मग तो आजारी पडला. केमोने बोटांची जाणीव गेली, हात थरथरू लागला. आधी स्वारांच्या डोळ्यांचे ठिपके काढायचं सुटलं, मग लगाम, मग पागोट्यांचे काठ. राहिला चिखल. थरथरत्या हाताने चिखलाचं काही बिघडत नाही, उलट बरा दिसतो, असं तोच म्हणाला आणि हसला. मी कणीक मळायच्या निमित्ताने आत गेले.

मित्रांनी तेव्हा नदी ओलांडून आलेलं घोडदळ करायचं ठरवलं. रंगवायचं त्यांनी, चिखल करायचा याने. ते आपल्यासाठी मुद्दाम काम काढतायत हे त्याला कळत होतं, पण तो तसं कधी बोलला नाही. दुपारी गुंगी उतरली की उशीला टेकून बसायचा. मी घोडा धरायचे, तो चिखल लावायचा. शेवटच्या महिन्यांत त्याने दुसरं काही केलं नाही. माझ्या नखांत माती जायची आणि मी, इतकी स्वच्छतेची भोक्ती, ती तशीच राहू द्यायचे.

शेवटचा घोडाही झाला. फक्त वॉर्निश राहिलं. वॉर्निशचा हात फिरल्याशिवाय तो चिखल पक्का होत नाही, गोंद पाण्याने सुटतो. पण त्या वासाने त्याला उलटी व्हायची. जरा बरं वाटू दे, मग सगळ्यांना एकदम लावू, म्हणाला. बरं काही वाटलं नाही.

तो गेल्यावर मी मित्रांना कळवलं, तेरावा झाला की घोडे घेऊन मीच येईन. त्याचा चष्मा, त्याची उशी, औषधांचा डबा, यांच्याकडे मला बघवत नव्हतं. घोड्यांकडे बघवत होतं. त्यांच्यावर त्याचा हात होता. तेवढ्या आधारावर मी ते दिवस काढले.

सुतक फिटलं की सगळं घर धुवून काढायची आमच्याकडे रीत आहे. धाकटी नणंद सकाळीच आली आणि आज तू कशाला हात लावायचा नाही, असं सांगून तिने मला खुर्चीत बसवलं. पडदे, चादरी, फरशी, देव्हारा, सगळं तिने एकटीने केलं. रडत होती आणि घासत होती. कितीतरी दिवसांनी मला बसल्या जागी झोप लागली.

जागी झाले तेव्हा ओट्यावर पंचा अंथरला होता आणि त्यावर घोडे ओळीने वाळत ठेवले होते. लख्ख. पाय पांढरे, पोटं तुकतुकीत. सिंकच्या जाळीत तपकिरी गाळ होता आणि त्यात भाताची शितं.

नणंद ओढणीला हात पुसत म्हणाली, "वहिनी, दादाचे घोडे किती मळले होते गं. आजारपणात तुला तरी कुठे वेळ होता. कोमट पाण्यात भिजवले आणि एकेक पाय ब्रशने घासला. रंगाला जरा धक्का लागू दिला नाही बघ."

तिचे डोळे सुजले होते, बोटं पाण्याने सुरकुतली होती. भावासाठी तिने केलेलं ते शेवटचं काम होतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

"छान झालेत," मी म्हणाले.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि टॉवेल तोंडात धरून रडले. त्याला नेलं तेव्हाही मी अशी रडले नव्हते. नणंदेला अजून काही माहीत नाही, आणि मी कळूही देणार नाही.

जाळीतला गाळ मी वाटीत काढून ठेवला होता. शितं वेचली, गोंद घातला, एका घोड्याला लावून पाहिला. शिंतोडे पुढच्या बाजूला उडाले. पुसून टाकले.

तेराव्यानंतर कसब्यात गेले. काय झालं ते सांगितलं.  टेबलावर निळी नदी तयार होती. ज्याचं घर, त्या मित्राने घोडे उचलले आणि पलीकडच्या काठावर न ठेवता अलीकडे मांडले.

"वहिनी, हे अजून निघायचेत, असं धरू आपण."

मी मान डोलावली. त्यांनी काय वाईट म्हटलं होतं? पण ते घोडे निघाले होते. नदी ओलांडून एकेक करून पार पोचलेही होते, माझ्या हातात, त्याच्या हातून. हे आता त्यांच्याकडे बघून कुणालाच कळणार नाही.